घर जावाचं, भाडेकरू वेगळे

इअरफोन लावलेत ना? बरेच जण विचारतात, "कंपनीत सगळं जावातच आहे, मग दुसरी भाषा शिकून करू काय?" हाच प्रश्न एकेकाळी मलाही पडला होता.

गंमत अशी, की जावा हे एकच नाव आपण दोन गोष्टींना वापरतो. एक भाषा, आणि दुसरं जेव्हीएम, म्हणजे तिचा प्रोग्राम चालवणारं व्हर्च्युअल मशीन. या मशीनला जावा भाषा कळतच नाही! त्याला कळतो फक्त बाइटकोड. तो कुठल्या भाषेतून आला, याच्याशी त्याला काही देणंघेणं नाही. म्हणून तर पायथनची जायथन झाली, रुबीची जेरुबी, आणि ग्रूव्ही तर जन्मलीच तिथे. २०११ साली जावा ७ मध्ये 'इन्व्होकडायनॅमिक' नावाची सूचना आली, ती मुख्यतः अशाच भाषांसाठी.

लिस्प १९५८ ची, जॉन मॅकार्थी यांची. तिचं जेव्हीएमवरचं रूप म्हणजे क्लोजर, रिच हिकी यांनी २००७ मध्ये आणलेलं. बेरीज लिहायची (+ १ २ ३) अशी. क्रिया आधी, आकडे नंतर, भोवती कंस. आधी डोळे गरगरतात, खरंच! पण जावाची कुठलीही लायब्ररी तिच्यातून थेट वापरता येते.

आता माझी गोष्ट. मी पुण्यात ज्या कंपनीत होतो, तिथे सर्व्हरवर जार फाइलशिवाय काही चढवायला परवानगी नव्हती. डीलरच्या सवलतीचे नियम दर महिन्याला बदलायचे. मी ते क्लोजरमध्ये लिहिले. शेवटी तीही जारच, त्यामुळे कुणी अडवलं नाही. रेपलमध्ये एकेक ओळ टाकायची, उत्तर लगेच समोर. पूर्ण प्रोग्राम पुन्हा बिल्ड करायची कटकटच नाही.

पहिला दणका बसला मोठ्या यादीवर. फंक्शन स्वतःलाच बोलवत गेलं आणि स्टॅक भरला. जेव्हीएम अशा कॉलची जागा आपणहून वाचवत नाही, क्लोजरमध्ये त्यासाठी 'रिकर' लिहावं लागतं. ते दुरुस्त झालं. दर पाच मिनिटांनी चालणारी छोटी स्क्रिप्टही तिच्यातच केली होती. ती प्रत्येक वेळी सुरू व्हायलाच इतकी रेंगाळायची, की शेवटी शेलमध्ये लिहिली.

दुसरा दणका मोठा. गणपतीला गावी गेलो आणि नेमका तेव्हाच नियम बदलला. ऑफिसातून फोन, "अरे, हे कंस कोण वाचणार?" टीममधल्या एकालाही क्लोजर येत नव्हती. आरतीची वेळ, रेंज नाही, आणि मी पडवीत उभा राहून कंस मोजतोय. बिलं दोन दिवस अडकली. चूक भाषेची नव्हती, माझी होती. मी कुणाला विचारलंच नव्हतं.

परत आल्यावर नियम ग्रूव्हीत आणले. ती जावासारखीच दिसते, आणि ग्रेडलमुळे अर्ध्या टीमच्या ओळखीची होती. क्लोजर सोडली नाही हं! डेटा तपासायला रेपल अजून उघडतो, फक्त सर्व्हरवर चढवत नाही.

आणि एक, जायथनचा विचार करत असाल तर सांगतो. ती अजून पायथन २.७ वरच आहे, नमपाय तिच्यात चालत नाही. तो मोह टाळा.

तुमच्या टीममध्ये काय चालतं, व्हॉइस नोट पाठवा. भेटू!