शोध घ्यायला कोण शिकवणार?

संपादकांचा प्रश्न साधा होता. मुंबईतल्या कॉलेजांत दरवर्षी मुलांकडून प्रकल्प लिहून घेतले जातात. पण माहिती शोधायची कशी, पारखायची कशी आणि ती कुठून घेतली हे नोंदवायचं कसं, हे त्यांना शिकवतं कोण? उत्तरासाठी मी आधी कुठल्याही कॉलेजात न जाता दादर पूर्वेला, नायगावच्या मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयात गेले. मराठीतून शोध कसा घ्यावा याची शिस्त या शहरात ज्या ठिकाणी घडली, त्यांतलं हे महत्त्वाचं ठिकाण.

संस्थेचा इतिहास थोडक्यात सांगता येतो. स्थापना १८९८ ची. १९४८ मध्ये ग्रंथसंग्रहालयाने मराठी संशोधन मंडळ सुरू केलं आणि पहिले संचालक म्हणून अ. का. प्रियोळकर आले. मूळचे गोव्यातल्या प्रियोळचे हे गृहस्थ एकेका शब्दाचा पाठ अनेक पोथ्यांशी ताडून पाहत. मुक्तेश्वराच्या आदिपर्वाची त्यांनी केलेली संशोधित आवृत्ती आणि भारतातल्या मुद्रणकलेवरचा त्यांचा १९५८ चा इंग्रजी ग्रंथ आजही अभ्यासकांच्या हाताशी असतो. मंडळाचं त्रैमासिकही निघालं. १८६७ च्या छापखाने व पुस्तक नोंदणीच्या कायद्यानंतर छापील पुस्तकांची सरकारदरबारी नोंद होऊ लागली. त्याआधीची मराठी पुस्तकं, म्हणजे दोलामुद्रितं, जमवून जपण्याचं काम ग्रंथसंग्रहालयाने केलं.

मी रेंगाळले ते मात्र मंडळाची धुरा पुढे वाहणाऱ्या स. गं. मालशे यांच्यापाशी. मालशे (१९२१–१९९२) यांनी ‘शोधनिबंधाची लेखनपद्धती’ हे पुस्तक लिहिलं. तळटीप कशी द्यावी, संदर्भसूची कशी लावावी, दुसऱ्याचं मत आणि आपलं मत वेगळं कसं ठेवावं, हे मराठीतून शिकवणारं ते पुस्तक आहे. एम. ए., पीएच. डी. करणारे त्याच्याकडे नियमांचं पुस्तक म्हणून पाहतात. मला ते एका माणसाच्या कामाच्या सवयींची नोंद वाटतं, कारण मालशे जे शिकवत ते स्वतः करत होते. १९६९ मध्ये धनंजय कीर आणि मालशे यांनी महात्मा फुले यांचं समग्र वाङ्मय संपादित करून वाचकांसमोर आणलं. १९७५ मध्ये मालशे यांनी ताराबाई शिंदे यांचं ‘स्त्रीपुरुष तुलना’ पुन्हा छापून आणलं आणि ते प्रकाशित केलं याच ग्रंथसंग्रहालयाने. पुस्तक मूळ १८८२ चं. मधली त्र्याण्णव वर्षं ते जवळजवळ कुणाच्याच वाचनात नव्हतं. आज स्त्रीवादी विचाराचा इतिहास शिकवताना जगभर त्याचं नाव घेतलं जातं. १९९४ मध्ये रोझालिंड ओ’हॅनलन यांनी त्याचा इंग्रजी अनुवादही केला.

हरवलेलं पुस्तक असं परत येतं, तेव्हा आपण ते नशिबावर सोडतो. मला वाटतं, हे शिकवता येण्यासारखं काम आहे. त्याच्या पायऱ्या सांगता येतात आणि पहिल्या वर्षाच्या मुलालाही त्या चढता येतात. समजा, परळच्या किंवा गिरगावच्या एखाद्या कॉलेजात एफ. वाय. च्या मुलांना एवढाच प्रश्न दिला: ‘स्त्रीपुरुष तुलना हे पुस्तक कशातून जन्मलं आणि त्या काळी त्याचं काय झालं?’

पहिली पायरी मराठी विश्वकोशाची. तो आता मोबाइलवरही वाचता येतो. कोशातून विषयाची चौकट हाती येते: ताराबाई बुलढाण्याच्या, वडील सत्यशोधक समाजाचे, आणि निमित्त सुरतच्या विजयालक्ष्मी नावाच्या विधवेवर १८८१ मध्ये चाललेल्या भ्रूणहत्येच्या खटल्याचं. बहुतेक मुलं इथेच थांबतात आणि मजकूर उतरवून घेतात. शिक्षकाने त्यांना इथून पुढे ढकलायला हवं, कारण कोशातली नोंद ही फक्त सुरुवात असते.

दुसरी पायरी समकालीन साक्षीची. फुले यांनी ‘सत्सार’च्या १८८५ मधल्या दुसऱ्या अंकात ताराबाईंची बाजू घेतली. समग्र वाङ्मयात तो मजकूर उघडून वाचला की मुलाला कळतं, पुस्तकावर त्या काळी टीका झाली होती आणि कुणीतरी तिला उत्तरही दिलं होतं. आता त्याच्या हातात दुसऱ्याने सांगितलेली गोष्ट नसते, मूळ साधन असतं.

तिसरी पायरी सूचीची, आणि माझा जीव जडला तो इथे. शंकर गणेश दाते यांनी १८०० ते १९३७ या काळातल्या मराठी पुस्तकांची ग्रंथसूची जवळजवळ एकहाती तयार केली. पुढच्या खंडात ती १९५० पर्यंत आणली. नंतर दाते, दि. वि. काळे आणि शं. ना. बर्वे यांनी केलेली १८०० ते १९५० ची मराठी नियतकालिकांची सूची याच ग्रंथसंग्रहालयाने काढली. सूचीचं पान पहिल्यांदा उघडणाऱ्याला ते रुक्ष वाटतं: लेखकाचं नाव, पुस्तकाचं नाव, गाव, छापखाना, वर्ष, पानं. पण प्रत्येक ओळीत चौकशीचा एक दरवाजा आहे. छापखान्याचं नाव मिळालं की तिथे आणखी काय छापलं जात होतं ते पाहता येतं. गाव मिळालं की त्या गावातली वर्तमानपत्रं नियतकालिकांच्या सूचीत शोधता येतात. ताराबाईंचा राग ज्या वर्तमानपत्री लिखाणावर होता, त्या ‘पुणे वैभव’ची चौकशी इथूनच सुरू होते. आणि पुस्तकाची नोंद सूचीत नसलीच, तर तीही माहितीच: सूचीकाराच्या नजरेतून पुस्तक का निसटलं, प्रत कुणाकडे होती, हे नवे प्रश्न उभे राहतात. काही न सापडणं हाही निष्कर्ष असू शकतो, हे मुलांना कुणीतरी स्पष्ट सांगायला हवं.

सूचीतून पुस्तक कळलं की ते ग्रंथालयाच्या तालिकेत, म्हणजे कॅटलॉगात, शोधावं लागतं. मराठी तालिकेचं स्वतःचं एक यंत्र आहे, आणि ते मोठं हट्टी आहे. ज्याने कार्डांचा लाकडी खण ओढून पाहिला आहे त्याला ते आठवेल. कार्डांच्या तळाला भोक, त्यातून खणभर गेलेली लोखंडी सळई, वर बोटांनी काळवंडलेल्या कडा. खणात ‘केशवसुत’ शोधलं तर कार्डावर एवढंच असायचं: पाहा, दामले, कृष्णाजी केशव. ‘कुसुमाग्रज’ आणि ‘शिरवाडकर, विष्णु वामन’ एकाच माणसाची दोन नावं. कवितेचं पुस्तक एका नावाने, नाटक दुसऱ्या नावाने. तुकारामांना आडनावाखाली शोधायचं नाही. स. गं. मालशे हवे असतील तर ‘मालशे, सखाराम गंगाधर’ माहीत असलं पाहिजे. ही ‘पाहा’ची कार्डं लिहिणाऱ्याने वाचक कुठे अडखळेल हे आधीच ओळखलेलं असतं. संगणकावरच्या तालिकेतही हेच दुवे लागतात, आणि जिथे ते घातलेले नसतात तिथे मुलाला ‘पुस्तक उपलब्ध नाही’ असं उत्तर मिळतं. पुस्तक मात्र वीस पावलांवर कपाटात असतं.

शोध शिकायला माणूस लागतो, याची या शहरातली सर्वांत मोठी साक्ष चर्नी रोडच्या बागेत आहे. शाळेतला भीमराव आंबेडकर तिथे वाचत बसायचा. विल्सन हायस्कूलचे शिक्षक कृष्णाजी अर्जुन केळुसकर यांनी त्याला हेरलं, वाचनाला दिशा दिली, आपलं बुद्धचरित्र भेट दिलं. पुढे हाच मुलगा दादरच्या हिंदू कॉलनीत पुस्तकांसाठी राजगृह बांधतो आणि १९४६ मध्ये सिद्धार्थ कॉलेज उभं करतो. नोकरी करणाऱ्या मुलांना शिकता यावं म्हणून तिथे सकाळचे वर्ग भरत. या कॉलेजचे ग्रंथपाल शां. शं. रेगे बाबासाहेबांच्या लेखनकामात त्यांचे सहकारी होते. १९५७ मध्ये आलेल्या ‘द बुद्ध अँड हिज धम्म’च्या छपाईतही त्यांचा हात होता. ग्रंथपाल हा पुस्तकं देण्याघेण्यापुरता नाही, संशोधनातला भागीदार आहे, हे मुंबईने पाहिलं आहे. रुईया कॉलेजचे ग्रंथपाल राहिलेले प्रदीप कर्णिक पुढे मराठी संशोधन मंडळाचे संचालक झाले, हा त्याच परंपरेचा अलीकडचा दाखला.

राजगृहाचंच उदाहरण माहिती पारखायला शिकवण्यासाठी घेता येईल. तिथे पुस्तकं किती होती याचे वेगवेगळे आकडे मोबाइलवरून फिरतात, आणि जगातला सर्वांत मोठा खाजगी संग्रह असंही सांगितलं जातं. मुलांना विचारायचं: हा आकडा पहिल्यांदा कुणी दिला? कधी? मोजणी कुणी केली? दुसऱ्या कुठल्या संग्रहाशी तुलना झाली? बाबासाहेबांची थोरवी आकड्यावर उभी नाही. त्यांच्या पानापानांवरचे आधार पाहिले की कळतं, पुराव्याशिवाय विधान करायचं नाही हा त्यांचाच धडा आहे. जी मुलं दादरच्या मंडईत चार ठिकाणी भाव विचारल्याशिवाय भाजी घेत नाहीत, ती पुढे पाठवलेला मजकूर मात्र एका ठिकाणीही विचारत नाहीत. चौकशीची सवय त्यांच्याकडे आहे. ती वाचनाकडे वळवायची आहे.

इथपर्यंत सगळं आशेचं आहे. पण कॉलेजांकडे वळलं की अडचणींची रांग लागते.

पहिली अडचण वेळेची. बहुतेक कॉलेजांत वर्षाच्या सुरुवातीला मुलांना ग्रंथालयातून एक फेरी मारून आणतात: हे वाचनालय, हा देवघेवीचा काउंटर, ओळखपत्र विसरू नका. शोध घेणं ही कृती आहे आणि ती करूनच येते. तासाभराच्या फेरीत ती येत नाही. कितीतरी ग्रंथालयांत मुलाला कपाटापर्यंत जाताच येत नाही. चिठ्ठी भरायची आणि पुस्तक येण्याची वाट पाहायची. चाळता चाळता शेजारचं पुस्तक हाती लागण्याचा लाभ तिथे संपतो. वाचनकक्ष तर परीक्षेच्या तयारीसाठी अभ्यासिका झाला आहे. मुलं आपल्याच नोट्स घेऊन येतात आणि ग्रंथालयातलं एकही पुस्तक न उघडता जातात. त्यांना दोष देता येत नाही. अपेक्षित प्रश्नांच्या पुस्तकातून पेपर सुटत असेल तर सूची कोण उघडेल?

दुसरी अडचण क्रमाची. विद्यापीठ अनुदान आयोगाने पीएच. डी. साठी संशोधनपद्धतीचा अभ्यासक्रम सक्तीचा केला, वाङ्मयचौर्याचे नियम २०१८ मध्ये आणले, आणि संशोधन व प्रकाशनाच्या नीतीचा दोन श्रेयांकांचा अभ्यासक्रम २०१९ मध्ये जोडला. त्या नियमांत साम्य दहा टक्क्यांपर्यंत असेल तर शिक्षा नाही, त्यापुढे पायऱ्यापायऱ्यांनी शिक्षा. म्हणजे उतरवून घेतल्याची शिक्षा ठरली, पण न उतरवता लिहायचं कसं हे शिकवण्याची पाळी येते विद्यार्थी पंचविशीला पोहोचल्यावर. तोवर आठ-दहा वर्षं त्याने प्रकल्प म्हणून जे केलं, ती सवय हाडात मुरलेली असते.

तिसरी अडचण मराठीची, आणि मला सर्वांत जास्त काळजी हिचीच वाटते. इंग्रजीत शोधणाऱ्या मुलासाठी साधनं तयार आहेत. मराठीत शोधणाऱ्यासमोर जुनं शुद्धलेखन आणि १९६२ नंतरचं शुद्धलेखन अशा दोन भिंती. ‘स्त्रीपुरुष’, ‘स्त्री-पुरुष’, ‘पुरूष’ ही तीन रूपं यंत्राला तीन वेगळे शब्द वाटतात. परदेशी तालिकांत मराठी नावं रोमन लिपीत, कधी एका पद्धतीने, कधी दुसऱ्या. युनिकोडच्या आधी जुन्या फाँटांत जुळवलेला मजकूर पडद्यावर मराठी दिसतो, पण शोधला तर सापडत नाही. स्कॅन केलेल्या जुन्या पुस्तकांतल्या जोडाक्षरांपुढे अक्षरओळख हात टेकते. त्यात आता कृत्रिम बुद्धिमत्तेचे चॅटबॉट. ते विचारल्यावर संदर्भसूची देतात. लेखक, वर्ष, प्रकाशक सगळं रेखीव, आणि त्यातलं एखादं पुस्तक कधी छापलंच गेलेलं नसतं. मराठीच्या बाबतीत हा धोका जास्त, कारण ताडून पाहायला जाळ्यावर मजकूर कमी. ताडायचं तर शेवटी दाते सूचीकडेच यावं लागतं, आणि ती उघडायची कशी हे मुलाला ठाऊक नसतं.

चौथी अडचण माणसांची. आयोगाच्या नियमांत कॉलेजचा ग्रंथपाल अध्यापकाच्या बरोबरीने धरलेला आहे, वेतनश्रेणीही तीच. प्रत्यक्षात अनुदानित कॉलेजांतली भरती वर्षानुवर्षं रखडते, ग्रंथपालाची खुर्ची रिकामी राहते आणि एखादा लिपिक देवघेव सांभाळतो. जिथे ग्रंथपाल आहे तिथे तो मूल्यांकनाच्या फायलींत बुडालेला. वेळापत्रकात त्याच्या नावाचा तास नाही, त्याने शिकवलेल्यावर गुण नाहीत. ज्याला गुण नाहीत ते मुलं करत नाहीत आणि प्राचार्यही विचारत नाहीत.

तरीही हे अशक्य नाही, असं मी पूर्ण विचाराने लिहिते. नव्या शैक्षणिक धोरणाने पदवीच्या चौथ्या वर्षात संशोधनाची वाट उघडली आहे आणि पहिल्या वर्षांत मूल्यवर्धनाच्या विषयांना जागा दिली आहे. त्या जागेत ग्रंथपालाने शिकवायचा एक विषय बसतो. परीक्षा लेखी नको. प्रत्येकाला एक प्रश्न द्यावा आणि शोधाची वही तपासावी: कुठे पाहिलं, काय सापडलं, काय सापडलं नाही, दोन साधनांत फरक कुठे पडला, कुणावर विश्वास ठेवला आणि का. या शहरात त्यासाठी लागणारं सगळं लोकलच्या पासावर पोहोचण्याइतकं जवळ आहे. दादरला ग्रंथसंग्रहालय, प्रभादेवीला विश्वकोशाचं कार्यालय, राजाबाई टॉवरखाली विद्यापीठाचं ग्रंथालय, आणि टाउन हॉलमध्ये एशियाटिक सोसायटी व राज्य मध्यवर्ती ग्रंथालय. १९५४ च्या कायद्याने देशातल्या प्रत्येक प्रकाशकाला आपल्या पुस्तकाची प्रत ज्या चार ग्रंथालयांकडे पाठवावी लागते, त्यांतलं हे मध्यवर्ती ग्रंथालय एक. गिरगावातल्या मुलाला तिथे चालत जाता येतं.

मालशे यांनी पद्धत लिहून ठेवली, दाते यांनी वाटा आखून ठेवल्या, प्रियोळकरांनी शिस्त घालून दिली. पीएच. डी. पर्यंत वाट न पाहता ती अठराव्या वर्षी मुलांच्या हाती देणं एवढंच काम उरलं आहे. ते करण्यासाठी आयोगाच्या नव्या परिपत्रकाची गरज नाही. एखाद्या कॉलेजने येत्या जूनमध्ये ग्रंथपालाला वेळापत्रकात आठवड्याचा एक तास द्यावा आणि त्या तासाला गुण ठेवावेत. सुरुवात तिथून होईल.