मिठागरात बर्फ जास्त वर येतो

उत्तनच्या बोटी समुद्रात निघण्याआधी मासळीसाठी बर्फ भरून घेतात. त्यातला एखादा खडा पाण्यात पडला तर तो तरंगणारच, हे शेंबडं पोरही सांगेल. पण खरं नवल इथेच आहे. पातळ तुपात थिजलेल्या तुपाचा गोळा टाकून पाहा, थेट तळ गाठतो. वितळलेल्या मेणात मेणाचा तुकडाही बुडतो. घट्ट झालं की जड व्हायचं, हीच बहुतेक पदार्थांची रीत. पाणी, बिस्मथ, सिलिकॉन असे मोजकेच ती मोडतात.

पाण्याच्या रेणूची हायड्रोजनची बाजू शेजारच्या रेणूच्या ऑक्सिजनकडे ओढली जाते. द्रवात ही पकड क्षणोक्षणी सुटते, पुन्हा जुळते आणि रेणू मिळेल तिथे घुसतात, सकाळी मीरा रोडला लोकलच्या डब्यात माणसं घुसतात तसे. गोठताना मात्र प्रत्येक रेणू ठरावीक अंतरावरच्या चार शेजाऱ्यांना धरून बसतो. षटकोनी जाळी तयार होते आणि मधली जागा चक्क रिकामी राहते! त्यामुळे पाणी गोठताना सुमारे ९ टक्के फुगतं. लिटरभर आकाराच्या बर्फाचं वजन भरतं जेमतेम ९१७ ग्रॅम.

गोठण्याआधीच पाण्याला याची चाहूल लागते. ४ अंश सेल्सिअसला ते सर्वांत जड असतं, त्याखाली पुन्हा हलकं होऊ लागतं. म्हणून दल सरोवर वरून गोठतं आणि मासे खाली जगतात.

आता बर्फ तोच ठेवून पाणी बदलू. नळाच्या पाण्यात त्याचा साधारण बारावा हिस्सा वर दिसतो, उत्तनच्या समुद्रात दहावा. भाईंदरच्या मिठागरात मीठ धरू लागलेल्या पाण्याची घनता १.२ च्या आसपास जाते. तिथे जवळजवळ पाव तुकडा वर येईल. उलट शुद्ध अल्कोहोलमध्ये तो सरळ बुडतो.

घरी एक करून पाहाच. दोन ग्लास घ्या, एकात साधं पाणी, दुसऱ्यात भरपूर मीठ विरघळवलेलं, आणि दोन्हींत रंगीत बर्फाचा एकेक खडा सोडा. साध्या पाण्यात रंगाचे धागे वळसे घेत खाली उतरतात, कारण नुकतं वितळलेलं गार पाणी जड असतं. त्याच्या जागी कोमट पाणी वर येऊन बर्फाला भिडतं. खाऱ्या पाण्यात रंग वरच थर धरून राहतो. वितळलेलं गोडं पाणी तिथे हलकं ठरतं, बर्फाभोवती गारवा टिकतो आणि तो खडा जास्त वेळ तगतो. मीठ बर्फ वितळवतं हे ऐकत आलेल्यांनी तर हे बघावंच.

आणि पाण्यात बुडणारा बर्फही असतो! रायगड जिल्ह्यातल्या थळच्या कारखान्यात जड पाणी तयार होतं. तारापूरच्या ३ आणि ४ क्रमांकाच्या अणुभट्ट्यांत असंच पाणी वापरतात. त्यातल्या हायड्रोजनच्या केंद्रकात एक न्यूट्रॉन जास्त असतो. रेणूंची जाळी तशीच, रिकामी जागाही तेवढीच, फक्त प्रत्येक रेणू जड. हे पाणी ३.८ अंशांलाच गोठतं. त्याचा बर्फ दिसायला आपल्या बर्फासारखाच, पण नळाच्या पाण्यात टाकला की तळाशी जातो. जड पाण्यात टाकला, तर तरंगतो.