फाइलनामांतील ‘ऱ’ : एक लेखनविषयक टिपण

यवतमाळ जिल्ह्यातील कोलामी वा गोंडी बोलींची ध्वनिमुद्रणे जमविणाऱ्या अभ्यासकाच्या घरी विंडोज, लिनक्स व मॅक या तिन्ही प्रणालींचे संगणक एकाच जाळ्यात असू शकतात. अशा वेळी एकाच नावाच्या दोन फाइली दिसतात, किंवा असलेली फाइल शोधून सापडत नाही. जाळे सुरळीत असूनही असे घडल्यास दोष लेखनसंकेतात आहे काय, हे प्रथम पाहावे.

‘शेतकऱ्यांची गाणी’ हे नाव घेऊ. त्यातील ‘ऱ’ युनिकोडमध्ये एका चिन्हाने लिहिता येतो, अथवा ‘र’ व नुक्ता अशा दोन चिन्हांनी. मॅकवर १९९८ साली आलेली एचएफएस प्लस ही फाइलव्यवस्था दुसरेच रूप साठवी. २०१७ सालची एपीएफएस दिलेले रूप राखते, परंतु दोन्ही एकच मानते. विंडोज व लिनक्स मात्र सामान्यतः त्यांस भिन्न समजतात. शिवाय ‘र’, हलन्त व अदृश्य जोडचिन्ह यांनीही तीच आकृती उमटते. हे तिसरे रूप युनिकोडच्या प्रमाणीकरणानेही पहिल्याशी जुळत नाही.

विसर्गाऐवजी अपूर्णविराम टंकल्यास निराळाच प्रश्न उद्भवतो. तो लिनक्सला चालतो, विंडोजला वर्ज्य आहे. म्हणून सांबा विंडोजला त्या फाइलीचे आखूड, अनोळखी नाव दाखविते.

यावर उपाय असा की, सर्व नावे एकाच रूपात आणावी. लिनक्सवर त्यासाठी ‘कन्व्हएमव्ही’ हे साधन आहे. तिसरे रूप मात्र स्वतंत्रपणे शोधून बदलावे. समान दिसणाऱ्या फाइलींपैकी एक पुसण्यापूर्वी दोन्ही ऐकाव्या. वृद्ध निवेदकाचे पुसले गेलेले गाणे पुन्हा मिळेलच, असे नाही.