बाहेर पडणाऱ्याचा हक्क

वाकड हें एके काळीं मुळा नदीच्या कांठचें, म्हातोबाच्या नांवानें ओळखलें जाणारें शेतकऱ्यांचें गांव होतें. १९९७ सालीं तें पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेच्या हद्दींत आलें, शेजारच्या हिंजवडीस संगणकाच्या कामाच्या कचेऱ्या उभ्या राहिल्या, आणि जेथें शेतें होतीं तेथें उंचच उंच इमारती झाल्या. ह्या इमारतींतून राहणारे पुष्कळसे लोक परगांवचे आहेत. एकाच जिन्यावर नागपूरचा, बेळगांवचा, केरळचा व बिहारचा मनुष्य राहतो. शेजाऱ्यानें आज उपास पाळला कीं मोडला, तो प्रार्थनेस गेला कीं न गेला, ह्याची चौकशी करण्यास कोणास सवड नसते. एखाद्या कडक शिस्तीच्या पंथांत वाढलेला तरुण नोकरीच्या निमित्तानें अशा ठिकाणीं आला, म्हणजे त्याच्यावर पंथाची नजर नाहीं असा आयुष्यांतील पहिला दिवस तो येथें पाहतो.

पुष्कळ लोक ह्यालाच स्वातंत्र्य म्हणतात. आमच्या मतें हें अर्धेंच स्वातंत्र्य होय. त्या तरुणास मनांतील शंका घरीं बोलून दाखवितां येत नाहीं. बोलून दाखविल्यास बहिणीचें लग्न अडेल, बापाच्या दुकानावर परिणाम होईल, आणि आजोबांच्या मयतास आपणांस उभें राहूं देतील कीं नाहीं ह्याचा भरंवसा नाहीं, हें त्याला पक्कें ठाऊक असतें. म्हणून तो वाकडास एक मनुष्य आणि घरीं गेल्यावर दुसरा मनुष्य होऊन राहतो. ज्याला खरें बोलण्यासाठीं परगांवीं लपावें लागतें, तो स्वतंत्र झाला असें आम्हांस म्हणवत नाहीं. पंथ सोडणाऱ्याचा हक्क म्हणजे केवळ पळून जाण्याची सोय नव्हे; सोडल्यावरहि माणसांत राहतां येणें हा तो हक्क होय. आज आम्हीं वाचकांपुढें ठेवूं इच्छितों तो विषय हाच.

प्रथम एक गोष्ट निक्षून सांगितली पाहिजे. कडक शिस्तीच्या समाजांत वाढणें म्हणजे केवळ जाच सोसणें, असें समजणें चुकीचें आहे. अशा समाजांत मूल एकटें वाढत नाहीं. आजारपणांत दहा घरें धांवून येतात, सणावारीं एका ताटाभोंवतीं सगळे बसतात, धंद्यास भांडवल नसेल तर तें मिळतें. आमच्या व्यापारी वाचकांस दाऊदी बोहरा समाजाची ओळख करून देण्याची गरज नाहीं. व्यवहारांतील चोखपणा, स्वच्छता, आणि आपल्या माणसांस बिनव्याजी कर्ज देण्याची पद्धति ह्या त्यांच्या गुणांचें कौतुक ज्यांचा त्यांच्याशीं संबंध येतो ते सर्वच करतात. एवढी ऊब देणाऱ्या घराविषयीं मुलाच्या मनांत अभिमान असतो, व तो असावाहि. प्रश्न उद्भवतो तो मूल मोठें होऊन विचारूं लागल्यावर. जन्मानें मिळालेल्या सभासदत्वास त्याची संमति कोणीं घेतलेली नसते. ह्या समाजांत धर्मगुरूंशीं निष्ठेची शपथ, जिला मीसाक म्हणतात, ती मुलें वयांत येण्याच्या सुमारास घेतात. त्या वयांत घेतलेल्या शपथेचा अर्थ पंचविसाव्या वर्षीं वेगळा वाटला, तर त्या मनुष्यानें काय करावें?

ह्या प्रश्नाचें उत्तर असगर अली इंजिनिअर ह्यांच्या आयुष्यानें दिलेलें आहे. त्यांचा जन्म १९३९ सालीं राजस्थानांतील सलुंबर येथें झाला. वडील समाजाच्या धर्मसेवेंत असलेले विद्वान. मुलाचें बालपण अरबी, कुराण व धर्मशास्त्र ह्यांच्या अध्ययनांत गेलें. पुढें ते स्थापत्य-अभियंते झाले व त्यांनीं मुंबई महानगरपालिकेंत सुमारें वीस वर्षें नोकरी केली. १९७० नंतरच्या कांहीं वर्षांत उदयपूरच्या बोहरा सुधारकांनीं धर्मगुरूंच्या सत्तेस मर्यादा असावी, जमा होणाऱ्या पैशाचा हिशेब असावा, असा आग्रह धरला. तेव्हां असगर अली त्यांच्या बाजूस उभे राहिले. ह्याबद्दल त्यांस बहिष्कार सोसावा लागला आणि मारहाणहि सोसावी लागली. २००४ सालीं त्यांस ‘राइट लाइव्हलीहुड’ हा आंतरराष्ट्रीय पुरस्कार मिळाला. २०१३ सालीं मुंबईंत त्यांचें निधन झालें. ध्यानांत ठेवण्यासारखी गोष्ट ही कीं, त्यांनीं ईश्वरावरील श्रद्धा कधींच सोडली नाहीं. पंथ सोडून जाणारे आणि पंथांतून घालविले जाणारे ह्यांत किती अंतर असतें, हें ह्यावरून दिसून येईल. पुष्कळांस जावयाचें नसतें. त्यांस केवळ विचारावयाचें असतें.

जयप्रकाश नारायण ह्यांच्या प्रेरणेनें नेमलेल्या नथवाणी आयोगानें ह्या सर्व तक्रारींची चौकशी केली व १९७९ सालीं आपला अहवाल दिला. लग्नास व दफनास धर्मगुरूंची परवानगी लागते, आणि जो विरोध करील त्याच्याशीं त्याच्या आप्तांनींहि संबंध तोडावे असा दाब येतो, हें त्यांत नमूद आहे. वाचकांनीं ह्या गोष्टीचें मर्म पाहावें. येथें कोणास तुरुंगांत घातलेलें नाहीं, कोणाचें घर जप्त झालेलें नाहीं. केवळ लग्न आणि मृत्यु हीं दोन दारें एका हातांत आहेत, व तेवढ्यानें सारें आयुष्य त्या हातांत येतें. भीति दाखवावीहि लागत नाहीं. ती मुलास घरांतच मिळते, आणि ती देणारे आईबापच असतात, कारण त्यांनाहि तीच भीति असते.

मुंबई सरकारनें ह्यावर १९४९ सालींच कायदा केला होता. कोणत्याहि समाजानें आपल्या माणसास वाळींत टाकणें त्या कायद्यानें रद्दबातल ठरविलें. दाऊदी बोहरांच्या धर्मगुरूंनीं त्यास आव्हान दिलें, आणि ९ जानेवारी १९६२ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें चारास एक अशा बहुमतानें तो कायदा घटनाबाह्य ठरविला. धर्माची शिस्त राखण्यासाठीं माणसास काढून टाकणें हा पंथाच्या स्वातंत्र्याचाच भाग आहे, असें बहुमताचें म्हणणें पडलें. मुख्य न्यायमूर्ति सिन्हा ह्यांनीं विरोधी मत नोंदविलें. ज्याला समाजांतून काढतात त्याची स्थिति अस्पृश्यासारखी होते, आणि ती नाहींशी करण्यासाठीं केलेला कायदा हा समाजसुधारणेचा कायदा आहे, असा त्यांचा आशय होता. सुधारकांनीं १९८६ सालीं ह्या निकालाचा फेरविचार व्हावा म्हणून अर्ज केला. तो पांच न्यायाधीशांपुढें येऊन २०२३ च्या फेब्रुवारींत नऊ न्यायाधीशांच्या पीठाकडे सोंपविण्यांत आला. अर्ज दाखल झाला त्या वर्षीं जन्मलेलें मूल तोंवर सदतीस वर्षांचें झालें होतें.

हें दुसऱ्या समाजाचें प्रकरण आहे, आपणांस त्याचें काय, असें जर कोणी हिंदु वाचक मनांत म्हणत असेल, तर त्यानें आपल्याच घराचा इतिहास आठवावा. १८४३ सालीं श्रीपत शेषाद्रि नांवाचा अल्पवयी ब्राह्मण मुलगा मिशनऱ्यांच्या घरीं राहून आला. न्यायालयानें त्याला बापाच्या हवालीं केलें, पण जातीनें त्याला परत घेण्याचें नाकारलें. मुलानें ख्रिस्त्यांच्या घरीं अन्न खाल्लें एवढाच त्याचा अपराध. ‘दर्पण’कार बाळशास्त्री जांभेकर त्या पोराच्या बाजूनें उभे राहिले, व प्रायश्चित्त देऊन त्याला स्वजातींत घेण्याचा प्रयत्न केल्याबद्दल त्यांस स्वतःस लोकांचा रोष पत्करावा लागला. पुढें १८९० च्या ऑक्टोबरांत पुण्याच्या पंचहौद मिशनमध्यें कांहीं प्रतिष्ठित मंडळी चहास गेली. रानडे, टिळक व गोखले त्यांत होते. त्या एका पेल्यावरून ग्रामण्य माजलें, शंकराचार्यांपर्यंत फिर्याद गेली, आणि न्यायमूर्ति रानड्यांसारख्या पुरुषासहि अखेर प्रायश्चित्त घ्यावें लागलें. ज्यांच्या विद्वत्तेपुढें सरकार नमत असे, ते घरच्या माणसांच्या हालापुढें नमले. तेथें आजच्या वाकडच्या पंचवीस वर्षांच्या पोरानें ताठ उभें राहावें, अशी अपेक्षा आपण कोणत्या तोंडानें करावी?

महाराष्ट्राच्या विधिमंडळानें एप्रिल २०१६ मध्यें सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा मंजूर केला व ३ जुलै २०१७ पासून तो अंमलांत आला. त्या अन्वयें बहिष्कार घालणारास तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही शिक्षा होऊं शकतात. लग्न, अंत्यविधि, देवस्थान, धंदा ह्यांपैकीं कशांतहि आडकाठी करणें हा त्यांत अपराध आहे. ह्या कायद्याची गरज किती होती हें पाहण्यास वाकडच्या लोकांस दूर जाण्याचें कारण नाहीं. जानेवारी २०१८ मध्यें जवळच्याच पिंपरीच्या भाटनगरांत, नववधूच्या कौमार्याची परीक्षा घेण्याच्या जातपंचायतीच्या चालीस विरोध करणाऱ्या कंजारभाट तरुणांस लग्नप्रसंगीं मारहाण झाली. त्याच वर्षाच्या नवरात्रांत ती परीक्षा नाकारलेल्या एका विवाहितेस तेथेंच दांडिया खेळण्यापासून अडविण्यांत आलें, आणि ह्या नव्या कायद्याखालीं गुन्हा नोंदला गेला. दांडिया ही गोष्ट क्षुल्लक आहे असें कोणीं म्हणूं नये. ज्या मैदानांत लहानपणापासून खेळलों तेथून सर्वांदेखत बाजूस सारलें जाणें म्हणजे काय, हें ज्याच्यावर तो प्रसंग आला त्यालाच समजेल.

ह्यावर एक आक्षेप येतो, आणि तो प्रामाणिकपणें विचारांत घेतला पाहिजे. कोणत्याहि संस्थेस नियम नसावेत काय? जो पंथाचे नियम मानीत नाहीं त्याला पंथानें आपला म्हणून मिरवावें काय? आमचें उत्तर असें : पंथानें आपल्या पूजेचा अधिकार, आपली पदवी, आपलें उपदेशकाचें आसन कोणास द्यावें व कोणाकडून काढून घ्यावें, हें खुशाल ठरवावें. त्यांत सरकारनें पडूं नये आणि बाहेरच्यांनींहि पडूं नये. पण त्या मनुष्याची आई, त्याचें गिऱ्हाईक, त्याच्या मुलीचें लग्न आणि बापाशेजारची त्याची मातीची जागा हीं पंथाच्या मालकीचीं नाहींत. जें आपलें नाहीं तें हिरावून घेण्याचा अधिकार धर्मस्वातंत्र्याच्या नांवानेंहि कोणास पोंचत नाहीं. तसेंच बाहेर पडणारानेंहि मागें राहिलेल्यांची टवाळी करूं नये. ज्या घरानें त्याला वाढविलें, तेथें अजून त्याचीं माणसें राहतात. त्यांच्या श्रद्धेची थट्टा करून त्याचें स्वातंत्र्य वाढत नाहीं, पंचांच्या हातीं मात्र कोलीत मिळतें.

कायद्याचा हात मारणारापर्यंत व दवंडी पिटणारापर्यंत पोंचतो. आमंत्रण आलें नाहीं, हांक मारली नाहीं, दुकानाची पायरी कोणी चढलें नाहीं, ह्या गोष्टींचा पुरावा न्यायालयांत उभा करणें कठीण असतें. तेथें लोकांनींच काम केलें पाहिजे. आणि हें काम मोठें नाहीं. व्यापाऱ्यांनीं एवढेंच ठरवावें कीं, कोणत्या पंचाचा निरोप आला म्हणून कोणा गिऱ्हाइकास माल नाकारणार नाहीं व कोणाचें देणें थांबविणार नाहीं. वाकडच्या घरमालकांनीं जागा देतांना भाडें व वर्तणूक पाहावी. जात आणि पंथ विचारण्याची खोड सोडावी, कारण एका दारांतून घालविलेल्यास दुसरें दार मिळालें नाहीं तर तो पहिल्याच दारीं नाक घासावयास जातो. ज्यास खरोखरच वाळींत टाकलें असेल त्यानें पोलिसांकडे किंवा थेट दंडाधिकाऱ्यांकडे जावें, आणि त्याच्या शेजाऱ्यानें साक्षीस जाण्यास कचरूं नये.

आईबापांस मात्र आमची वेगळी विनंति आहे. पंच दटावतील, नातलग तोंड फिरवतील, हें सर्व खरें आहे. तुमची भीति खोटी नाहीं. परंतु बहिष्काराची शेवटची कडी पंचांच्या हातांत नसते. मुलगा सुटीस घरीं आला असतां दार उघडावें कीं न उघडावें, हें ठरविणारा हात तुमचा असतो. तें दार तुम्हीं उघडें ठेवलें, तर बाकीचीं दारें किती दिवस बंद राहतील हें आपण सर्व मिळून पाहूं.