दाबायचा आवाज आणि ऐकायचा आवाज

गळीत हंगाम सुरू झाला की वेळापूर-अकलूज पट्ट्यातल्या रस्त्यांवर उसाच्या गाड्यांची रीघ लागते. या गाड्यांमधल्या ट्रकांचे दोन आवाज लक्ष देऊन ऐकण्यासारखे असतात. एक मागून येतो. सायलेन्सर बदलून किंवा त्याच्या आतल्या जाळ्या काढून तो मुद्दाम वाढवलेला असतो आणि त्यासाठी मालकाने पैसेही मोजलेले असतात. दुसरा पुढून, इंजिनाच्या बाजूने येतो. स्टिअरिंग वळवले की तिथून कण्हल्यासारखा सूर उमटतो आणि ‘गाडी जुनी झाली, चालायचंच’ म्हणून त्याकडे कानाडोळा होतो. भौतिकशास्त्राच्या हिशेबाने ही निवड नेमकी उलटी आहे. पहिल्या आवाजाने ताकद मिळत नाही. दुसरा आवाज धोक्याची सूचना देत असतो, आणि पहिला वाढवला की दुसरा कानावर पडणेच बंद होते.

सहा सिलिंडरचे फोर-स्ट्रोक डिझेल इंजिन मिनिटाला १,८०० फेरे घेत असेल, तर दर दोन फेऱ्यांत प्रत्येक सिलिंडर एकदा पेटतो. म्हणजे सेकंदाला ९० वेळा बराच जास्त दाब असलेला गरम वायू एक्झॉस्टच्या नळीत उसळतो. या धक्क्यांचा घुमारा म्हणजेच मागून येणारा तो आवाज. सायलेन्सरमधले कप्पे आणि भोके पाडलेल्या नळ्या ध्वनिलहरींना अशा परतवतात, की एकीचा उंचवटा दुसरीच्या खळग्यावर पडतो आणि दोन्ही विरतात. आवाज मारणे आणि वायूची वाट अडवणे ही दोन वेगळी कामे आहेत. चांगला सायलेन्सर पहिले पुष्कळ करतो, दुसरे थोडे.

‘थोडे तरी अडवतोच ना, मग काढला तर अ‍ॅव्हरेज वाढणार,’ हा युक्तिवाद गॅरेजमध्ये हमखास ऐकू येतो. तो खोटा नाही, पण किती खरा आहे ते मोजून पाहावे. समजा ५.९ लिटरचे इंजिन ६५० न्यूटन-मीटर टॉर्क देते. गणित केले तर पिस्टनवरचा सरासरी उपयुक्त दाब सुमारे १,४०० किलोपास्कल निघतो. सायलेन्सरमुळे साचणारा दाब १० किलोपास्कल धरला आणि तो पुरता नाहीसा केला, तरी बचत पाऊण टक्क्याच्या आतच राहते. टर्बोमुळे इंजिनाला तो दुप्पट जाणवतो असे मानले, तरी आकडा दीड टक्क्याच्या आसपास थांबतो. डिझेल इंजिनाची ताकद ठरते ती सिलिंडरमध्ये किती डिझेल फवारले जाते यावर, आणि सायलेन्सर काढल्याने ते प्रमाण बदलत नाही. गाडी जोरात निघाल्यासारखी वाटते, पण तो जोर कानाला जाणवलेला असतो. चाकांना मिळालेला नसतो. खरी सुधारणा करायचीच असेल, तर गंजून आतून कोसळलेला सायलेन्सर बदलावा, चेपलेली नळी काढावी. वायूचा प्रवाह तेवढाच ठेवून नळीचा आतला व्यास ४ इंचांवरून ५ इंच केला, तर तिच्यातला घर्षणाचा तोटा साधारण एक तृतीयांशावर येतो, कारण तो व्यासाच्या पाचव्या घाताने घटतो. हा फायदा मिळवण्यासाठी सायलेन्सर काढावा लागत नाही.

१ एप्रिल २०२० पासून प्रदूषणाचे बीएस-६ निकष लागू झाल्यावर एक नवी तक्रार पुढे आली: एक्झॉस्टमधला काजळीचा फिल्टर सारखा तुंबतो. त्याचे कारण बऱ्याचदा कारखान्याच्या आवारात सापडते. नंबर लागेपर्यंत गाडी इंजिन चालू ठेवून तासन्‌तास उभी राहते आणि एक्झॉस्ट थंड पडतो. साठलेली काजळी जाळून टाकायला मात्र ५५० ते ६०० अंश सेल्सिअसच्या आसपास तापमान लागते. म्हणून रांगेत इंजिन बंद ठेवावे आणि फिल्टर साफ होण्याची प्रक्रिया अर्ध्यावर तोडू नये. फिल्टर कापून टाकला, तर त्याच्या आधीचा आणि नंतरचा दाब मोजणाऱ्या सेन्सरना ते कळते आणि संगणक इंजिनाची ताकदच कमी करू शकतो. शिवाय सायलेन्सर बसवणे हे केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधल्या नियम १२० नुसार बंधनकारकच आहे.

आता दुसरा आवाज. पॉवर स्टिअरिंगच्या पंपात अंडाकृती पोकळीत फिरणारी पाती असतात. ती टाकीतले तेल ओढतात आणि वळताना गरजेप्रमाणे वातावरणाच्या शंभरपटीहूनही जास्त दाबाने स्टिअरिंगच्या गिअरबॉक्सकडे ढकलतात. ओढण्याच्या बाजूला तेल अपुरे पडले की तिथला दाब घसरतो, तेलात विरघळलेली हवा बुडबुड्यांच्या रूपाने बाहेर येते आणि दाबाच्या बाजूला पोचताच ते बुडबुडे मिटतात. जहाजांच्या पंख्यांची झीज समजून घेण्यासाठी लॉर्ड रॅले यांनी १९१७ मध्ये गणिताने दाखवले, की बुडबुडा मिटताना त्याच्याजवळ क्षणभर प्रचंड दाब तयार होतो. पंपात हेच धक्के धातूचे कण उडवतात. विहिरीवरच्या मोटारीचा फूटव्हॉल्व्ह गळका झाला किंवा पाइपातून हवा शिरली, की ती जशी खडखडते, तशीच ही कथा आहे. फरक इतकाच, की इथे पाण्याच्या जागी तेल असते आणि पंपाच्या भरवशावर भरलेला ट्रक वळायचा असतो.

म्हणूनच उपाय पंप बदलण्यापासून सुरू करू नये. आधी टाकीतली पातळी पाहावी. तेल दुधाळ दिसते का, वर फेस आहे का, तेही पाहावे. इंजिन बंद करताच पातळी ठळकपणे वर चढली, तर आत हवा अडकली आहे असे समजावे. दाब असताना आक्रसलेली ती हवा दाब जाताच फुगते. मग टाकीतला फिल्टर, ओढीचा होज आणि त्याची क्लिप तपासावी. या होजमध्ये बाहेरच्यापेक्षा दाब कमी असतो, त्यामुळे ढिल्या क्लिपमधून तेल न गळताही हवा आत जाते. हवा काढण्यासाठी पुढची चाके जॅकवर उचलावीत, इंजिन बंद ठेवून स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश फिरवावे आणि सोबत तेल भरत राहावे. ‘जाड तेल टाका, आवाज बसेल’ हा सल्ला मात्र टाळावा. जाड तेल ओढणे आणखी कठीण जाते आणि बुडबुडे वाढतात. प्रत्येक आवाज बिघाडाचाच असतो असेही नाही. थंडीच्या पहाटे पहिली काही मिनिटे, किंवा स्टिअरिंग अगदी टोकाला नेल्यावर रिलीफ व्हॉल्व्ह उघडला की, सूर येणारच. फडातून गाडी बाहेर काढताना मात्र स्टिअरिंग टोकाला दाबून धरू नये. तेल झपाट्याने तापते.

दोन्ही आवाजांची गाठ पडते ती ड्रायव्हरच्या कानात. १० पात्यांचा पंप इंजिनाच्याच वेगाने फिरत असेल, तर १,८०० फेऱ्यांना त्याचा सूर सेकंदाला ३०० कंपनांच्या जवळ असतो. एक्झॉस्टचा सूर ९० चा, आणि त्याच्या पटी १८०, २७०, ३६० अशा वर चढत जातात. खालचा मोठा आवाज वरच्या बारीक आवाजाला झाकून टाकतो, हा श्रवणशास्त्राचा परिचित नियम आहे. सायलेन्सर काढलेल्या ट्रकात पंपाचे कण्हणे, एअर ब्रेकच्या पाइपाची फुसफुस, पट्ट्याची चिरचिर यांपैकी काहीच नीट ऐकू येत नाही. ‘मोठा आवाज असला की पुढचे लोक बाजूला होतात’ असेही म्हणतात. पण एक्झॉस्टचा जोर बहुतेक मागे किंवा बाजूला असतो आणि पुढच्यांसाठी हॉर्न आहेच. पंपाने अचानक साथ सोडली, तर चाके वळवता येतात, पण स्टिअरिंग दगडासारखे जड होते. पुढे बैलगाडी किंवा ट्रॅक्टर-ट्रॉली असताना वळायला झालेला तेवढा उशीरही अपघाताला पुरतो.

हंगामाआधी ऊस वाहतुकीच्या गाड्यांना रिफ्लेक्टर लावण्याच्या मोहिमा होतात. डिझेल गाडीच्या पीयूसीत धुराचा काळेपणा मोजला जातो. आवाजाची तपासणी त्यात नसते. तेव्हा त्याच मोहिमेत दोन गोष्टी जोडाव्यात: सायलेन्सर जागेवर आहे ना ते पाहणे, आणि स्टिअरिंग दोन्ही बाजूंना फिरवून पंप ऐकणे. दोन्हींना मिळून काही मिनिटे लागतील. मालकाच्या दृष्टीने पाहिले तरी, आवाज वाढवायला जो पैसा जातो त्यात फिल्टर, तेल आणि ओढीचा होज असा खर्च सहज सामावू शकतो. आणि त्याचा परतावा मोजता येतो.