कणी मिलमध्ये तयार होत नाही

गोंदियातल्या राईस मिलमध्ये लॉट तपासताना पोत्यात परखी खुपसतात, मूठभर तांदूळ ताटलीत घेतात आणि अख्खा दाणा एकीकडे, कणी दुसरीकडे वेचू लागतात. गुणवत्ता व्यवस्थापन म्हणजे एवढेच, तयार माल तपासायचा आणि खराब तो परत करायचा, असे आपल्याकडे सर्रास समजले जाते. याच समजाने आपले सर्वांत जास्त नुकसान केले आहे.

ताटलीतली बरीचशी कणी मिलच्या आधीच ठरलेली असते. धानाच्या कापलेल्या कडपा दिवसा उन्हात तापल्या आणि रात्री दवाने ओल्या झाल्या, की दाण्याच्या पोटात बारीक चिरा पडतात. तूस असेपर्यंत त्या दिसत नाहीत. मिलमध्ये घर्षण आणि दाब आला, की दाणा नेमका त्या चिरेवर तुटतो. उकड्या तांदळात वाफेने पिष्ट फुगून या चिरा सांधल्या जातात, म्हणून त्यात कणी कमी. सरकारी खरेदीत धानाचा ओलावा १७ टक्क्यांपर्यंत आणि कच्च्या तांदळातला तुकडा वर्षानुवर्षे २५ टक्क्यांपर्यंत चालत आला. ताटली तुकड्याची मर्यादा ओलांडली की नाही एवढेच सांगते, का ओलांडली ते सांगत नाही.

हा ‘का’ शोधण्यातूनच गुणवत्ता व्यवस्थापनाचे शास्त्र उभे राहिले. १६ मे १९२४ रोजी अमेरिकेत वॉल्टर शूहार्ट यांनी नियंत्रण आलेखाची कल्पना एका छोट्या टिपणात मांडली. समजा, कणी रोज १९, २२, २०, २१ टक्के येते. हा नेहमीचा चढउतार. त्यावर रोज मशीन आवळत-सैल करत बसलात तर तो वाढतोच. पण एखाद्या दिवशी ३१ आली, तर त्या दिवसाचे वेगळे कारण शोधायला हवे: रबर रोलर झिजला, की ओले धान आले?

हे सगळे जपानकडून आपल्याला उशिरा मिळाले, असेही म्हणतात. अमेरिकी संख्याशास्त्रज्ञ डेमिंग यांची जपानमधली गुणवत्तेवरची गाजलेली व्याख्याने १९५० सालची. त्याआधीच, १९४७-४८ मध्ये, प्रशांतचंद्र महालनोबिस यांच्या निमंत्रणावरून शूहार्ट स्वतः भारतात आले होते. महालनोबिसांची भारतीय सांख्यिकी संस्था तर १९३१ पासूनची.

नमुना कसा घ्यावा यावरचे मोठे काम तर आपल्याच शेतात झाले. सातारा जिल्ह्यातल्या बुधचे पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांनी १९४० च्या दशकात पीक कापणी प्रयोगांतून दाखवले, की फार लहान तुकडा कापला तर कडेची रोपे आत धरली जातात आणि उत्पन्न फुगलेले दिसते. थप्पीच्या फक्त वरच्या पोत्यांत परखी घालणे ही त्याच जातीची चूक. पोती शंभर असोत की हजार, खरा भरवसा नमुने किती आणि कुठून घेतले यावर असतो.

राहिला भिंतीवरचा आयएसओ ९००१ चा कागद. तो तांदळाची हमी देत नाही. काम ठरल्या पद्धतीने चालते, एवढेच सांगतो. हे मानक निघाले १९८७ मध्ये, शूहार्ट यांच्या टिपणानंतर ६३ वर्षांनी.