नेट रेंगाळतं, पण दोष अंतराचा नाही

'आपण मुंबईपासून लांब, म्हणून आपलं नेट मंद' हे वाक्य जळगाव-धुळ्यात दुकानापासून कॉलेजपर्यंत सगळीकडे ऐकू येतं. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला साधारण २ लाख किलोमीटर धावतो. मुंबई ते जळगाव हे रेल्वेचं अंतर सव्वाचारशे किलोमीटरच्या आत-बाहेर. म्हणजे तेवढ्या लांबीच्या तंतूतून जायला सेकंदाचा सुमारे पाचशेवा भाग लागतो. अंतरामुळे व्हिडिओ अडकत नाही.

नेट उपग्रहावरून येतं, हाही असाच जुना समज. परदेशाशी होणारी जवळजवळ सगळी देवाणघेवाण समुद्राखालच्या केबलमधून चालते आणि त्यातल्या बऱ्याच केबल मुंबईत वर्सोव्याच्या किनाऱ्यावर येतात. तिथून पुढे महामार्ग आणि रेल्वेमार्गांच्या कडेने फायबर जातं. एकाच तंतूत वेगवेगळ्या रंगांचे, म्हणजे तरंगलांबींचे, ८० किंवा अधिक प्रकाशकिरण एकत्र सोडता येतात आणि त्यातला प्रत्येक १०० गिगाबिट किंवा जास्त वाहतो. या मोठ्या वाहिनीला जागा कमी पडणं अवघड.

मग कोंडी होते कुठे? बहुतेक वेळा शेवटच्या टप्प्यात. घरोघरी पोचलेलं फायबर 'जीपॉन' पद्धतीचं असतं. एक्स्चेंजमधून निघालेला एकच तंतू गल्लीतल्या स्प्लिटरमध्ये फुटतो आणि ३२ किंवा ६४ घरांत जातो. वीज न लागणाऱ्या या छोट्या डबीत सगळ्यांचा मिळून वेग साधारण २.५ गिगाबिट. 'मी १०० एमबीपीएसचे पैसे भरतो, मग ते फक्त माझे' असं वाटणं साहजिक आहे, पण घरगुती योजना वाटून घेण्याच्याच असतात. ३२ घरांनी एकाच क्षणी पूर्ण जोर लावला, तर प्रत्येकाच्या वाट्याला ७५-८० येतात. सगळे एकाच क्षणी तसं ओढत नाहीत, म्हणून हे गणित चालतं. पुरवठादाराने स्वतःची पुढची जोडणी कमी घेतली असेल, तर मात्र रात्री नऊनंतर सगळी गल्ली रडते. तक्रार करायची ती त्याची. त्याआधी एकक मात्र पाहा: १०० एमबीपीएस म्हणजे सेकंदाला साडेबारा मेगाबाइट, कारण आठ बिटांचा एक बाइट.

'उन्हाने केबल तापली' हे मे महिन्यात हमखास सांगितलं जातं. पंचेचाळीस अंशांनी काचेचं काही बिघडत नाही. उन्हाने बाहेरचं आवरण वर्षानुवर्षांत ठिसूळ होतं, एवढंच. खरा शत्रू खराब जॉइंट किंवा दुमडलेली केबल. स्प्लायसिंग मशीनवर माणूस १२५ मायक्रॉन जाडीचे दोन तंतू समोरासमोर आणतो, ठिणगीने वितळवून जोडतो. धुळीचा एक कण आत गेला, तरी प्रकाश गळतो. म्हणून दुरुस्तीला माणूस आला, की 'पॉवर किती आली?', म्हणजे घरापर्यंत किती प्रकाश पोचला, हे जरूर विचारा. उणे १५ ते उणे २५ डीबीएम असेल, तर लाइन ठीक. उणे २७ च्या आसपास गेली, तर तुटणारच. पॉवर चांगली असूनही आतल्या खोलीत नेट येत नसेल, तर तो दोष वायफायचा आहे, फायबरचा नाही. जाड भिंतीमागे ५ गिगाहर्ट्झ पोचत नाही, तिथे २.४ वर फोन जोडा, किंवा खोलीपर्यंत तार ओढा.

राहिलं ते अचानक तासन्तास बंद पडणं. 'कंपनीने मुद्दाम बंद केलं' असं म्हणण्याआधी रस्त्याकडे पाहा. फागणे ते तरसोद महामार्गाचं चौपदरीकरण ज्यांनी पाहिलं, त्यांना खोदकाम काय असतं ते ठाऊक आहे. केबल एकाच वाटेने गावात आली असेल, तर जेसीबीचा एक फटका पुरतो. २०११ साली मंजूर झालेल्या भारतनेट या ग्रामपंचायती जोडण्याच्या सरकारी योजनेची पहिल्या टप्प्यातली जोडणी बहुतांशी अशी एकेरीच होती. ऑगस्ट २०२३ मध्ये मंजूर झालेल्या सुधारित योजनेत ग्रामपंचायती रिंगने, म्हणजे दोन वाटांनी, जोडायच्या आहेत. एक तुटली, तर वाहतूक दुसरीने फिरते.

रिंग पूर्ण होईपर्यंत आपल्या हाती एक गोष्ट आहे. खोदकामाची आगाऊ खबर देण्याचं 'कॉल बिफोर यू डिग' हे ॲप मार्च २०२३ पासून चालू आहे. नळाची चारी खोदायची असो वा गटाराची, ग्रामपंचायतीने आणि ठेकेदाराने जेसीबी लावण्याआधी त्यावर नोंद करावी, असा आग्रह ग्रामसभेत धरा.